दोन लाव्हांच्या मधलं जंगल

मध्य प्रदेशातल्या मोहगाव कलानच्या चर्टचा, म्हणजे सिलिकेच्या कठीण दगडाचा, तुकडा कापून पाण्याने ओला केला, की पहिल्यांदा बघणाऱ्याला तो दगड वाटतच नाही. करड्या-काळ्या पृष्ठभागावर पिवळसर पांढऱ्या रेषा उमटतात. एका जागी नखाएवढं वर्तुळ, त्यात चाकाच्या आऱ्यांसारख्या भिंती, भिंतींमधल्या कप्प्यांत बारीक बिया. त्याला खेटून एखाद्या मुळाचा छेद, आत हवेच्या पोकळ्या असलेला. कडेला पाण्यात वाढणाऱ्या नेच्याचे अवशेष. तळहाताएवढ्या दगडात तळ्याकाठचा सगळा पालापाचोळा पडला तिथेच थिजलेला असतो. वय सुमारे ६.६ कोटी वर्षं.

या पाचोळ्यातून जंगल कसं उभं करायचं, ते इथे लिहितो आहे. इथे ताड होते, इथे मेंदीच्या कुळातलं झाड होतं, अशी यादी करणं त्या मानाने सोपं. पण कोण कोणाच्या शेजारी होतं, पाण्यापासून किती लांब होतं, किती उंच होतं आणि सगळे एकाच काळात उभे होते का, हे सांगता येईपर्यंत त्या यादीला जंगल म्हणता येत नाही. हे काम दगड उचलायच्या आधीपासून सुरू होतं.

महाराष्ट्राच्या बऱ्याच भागाखाली जो काळा कातळ आहे, तो एका दमात ओतला गेलेला नाही. लाव्हाचा एक लोट यायचा, थंड व्हायचा, मग कित्येक शतकं किंवा हजारो वर्षं शांतता. त्या शांततेत कातळावर माती धरायची, खोलगट जागी पाणी साचायचं, रान माजायचं. मग पुढचा लोट येऊन सगळं झाकून टाकायचा. दोन लोटांच्या मधे सापडणाऱ्या या गाळाच्या पातळ थरांना भूशास्त्रज्ञ आंतरट्रॅपी थर म्हणतात. काही ठिकाणी ते वीतभर, काही ठिकाणी दोन-चार मीटर. नागपूरजवळचं टाकळी आणि माहुरझरी, वर्धा जिल्ह्यातलं नवरगाव, मध्य प्रदेशात छिंदवाड्याचं मोहगाव कलान आणि सौंसर, दिंडोरी जिल्ह्यातलं घुघुआ ही त्यांची नावाजलेली ठिकाणं. नागपूरच्या थरांवर स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी १८५५ साली लिहिलं. मोहगाव कलान पुढे आणलं ते भूशास्त्रज्ञ के. पी. रोडे यांनी, आणि लखनौच्या बिरबल साहनींनी १९३० आणि ४० च्या दशकांत तिथल्या फळांवर, बियांवर पायाभूत काम केलं. नागपुरातून व्ही. बी. शुक्ल आणि श्यामला चितळे यांनी ते पुढे नेलं.

दगडात पेशी न् पेशी टिकते कशी? लाव्हा आणि राखेतून झिरपणाऱ्या पाण्यात सिलिका भरपूर विरघळलेली असते. ते पाणी पाण्यात पडलेल्या फळात, खोडात शिरतं आणि कुजण्याला वेळ मिळायच्या आत सिलिका पेशींच्या पोकळ्यांत साकळते. नशीब चांगलं असेल तर पेशीभित्तिकेचा मूळ सेंद्रिय पदार्थ थोडाफार तसाच राहतो. नसेल तर भित्तिकाही सिलिकेने बदलली जाते आणि उरतो फक्त आकार. हा फरक लक्षात ठेवा. पुढे कुठली पद्धत चालेल आणि कुठली फसेल ते यावरच ठरतं.

शेतात गेल्यावर हात लगेच हातोड्याकडे जातो. तो थोडा वेळ आवरावा. मोहगावसारख्या ठिकाणी बरेचसे चर्ट सुटे पडलेले मिळतात, नांगराने वर आलेले, बांधावर रचलेले. त्यांतून वनस्पतीची रचना उत्तम कळते, पण त्या थरात वरची बाजू कुठली आणि शेजारी काय होतं हे कळत नाही. म्हणून आधी विहिरीच्या कडेला, ओढ्याच्या दरडीत किंवा खाणीच्या भिंतीत तोच थर जागेवर दिसतो का ते शोधायचं. दिसला, तर खालच्या लाव्हापासून वरच्या लाव्हापर्यंत दर दहा सेंटिमीटरला नोंद: रंग, दाणा, चुना आहे का (सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतो), गोड्या पाण्यातले शंख आहेत का, मुळं उभी शिरलेली दिसतात का. तुकडा काढायच्या आधी त्याच्या वरच्या बाजूला बाण आणि उत्तरेची खूण मार्करने करायची, फोटो घ्यायचा, मगच छिन्नी लावायची. सुटा दगड असेल तर पिशवीवर 'सुटा' असं स्पष्ट लिहायचं. ही नोंद नसली तर दोन वर्षांनी सुटा कुठला आणि जागेवरचा कुठला हे कोणीच सांगू शकत नाही, आणि मग दोन्ही एकाच यादीत जातात.

उभी मुळं हा सर्वांत मोलाचा पुरावा. फळ वाहून येतं, ओंडका वाहून येतो, पराग उडून येतो. जमिनीत शिरलेलं मूळ मात्र तिथेच वाढलेलं असतं.

आता कापणं. डायमंड ब्लेडच्या कटरने चर्ट कापताना ब्लेडच्या जाडीएवढा दगड, साधारण दीड-दोन मिलिमीटर, पीठ होऊन पाण्यात जातो. मोहगावची काही फुलं जेमतेम काही मिलिमीटरची आहेत. म्हणजे एका चुकीच्या कापात अख्खं फूल नाहीसं होऊ शकतं. त्यासाठी दगड आधी सर्व बाजूंनी ओला करून भिंगाने बघायचा, उघड्या पडलेल्या कडा पेन्सिलीने खुणवायच्या आणि कमीत कमी काप घ्यायचे. एकदा आत काहीतरी आहे हे कळलं की ब्लेड बाजूला ठेवायची आणि पीलवर यायचं.

पील म्हणजे दगडाच्या पृष्ठभागावरून उचललेला पेशीभित्तिकांचा पापुद्रा. जॉय, विलिस आणि लेसी यांनी १९५६ साली मांडलेली ॲसिटेट शीटची जलद पद्धत आजही जवळपास तशीच वापरतात. कापलेला पृष्ठभाग जाड काचेवर कार्बोरंडम पावडर आणि पाण्याने घासायचा: आधी २२० नंबर, मग ४००, शेवटी ६००. आधीच्या पावडरीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढच्या नंबरवर जायचं नाही आणि दोन नंबरांमधे दगड, काच, हात सगळं धुवायचं. २२० चा एक कण ६०० च्या काचेवर राहिला तर तो प्रत्येक पीलवर रेघ ओढतो आणि ती रेघ पुढे पेशीभित्तिका समजून मोजली जाते.

मग आम्ल. चुनखडीत जपलेल्या वनस्पतींना सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल पुरतं, पण चर्ट सिलिकेचा. त्याला हायड्रोफ्लुओरिक आम्लच लागतं, आणि ते घरी, गॅलरीत किंवा साध्या टेबलावर करायचं काम अजिबात नाही. ते काच खातं, म्हणून भांडी प्लॅस्टिकची. त्वचेतून ते आत जातं, दुखणं बऱ्याचदा तासांनी सुरू होतं आणि फ्लोराइड शरीरातलं कॅल्शियम ओढून घेतं. थोड्या जागेवर भाजलं तरी जिवावर बेतू शकतं. वाफा ओढून घेणारं फ्यूमहूड, निओप्रीनचे लांब हातमोजे, चेहऱ्यावर ढाल, हाताशी २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल आणि शेजारी दुसरा माणूस, यांतली एक जरी गोष्ट नसेल तर त्या दिवशी काम करू नये. वापरलेलं आम्ल भिजवलेल्या चुन्याच्या गाढ पाण्यात निष्प्रभ करून कॅल्शियम फ्लोराइडच्या साक्यात बदलायचं. मोरीत ओतायचं नाही.

दगड तोंड खाली करून आम्लाच्या पातळ थरात ठेवतात. वेळ दगडागणिक वेगळी. अर्ध्या मिनिटापासून सुरुवात करावी, काही चर्टना दोन-तीन मिनिटं लागतात. आम्ल सिलिका खातं आणि सेंद्रिय भित्तिका पृष्ठभागावर सूक्ष्म कुंपणासारख्या उभ्या राहतात. यानंतर त्या पृष्ठभागाला बोट लावायचं नाही, फडका लावायचा नाही, नळाची धार थेट सोडायची नाही. प्लॅस्टिकच्या टबात हळूहळू पाणी बदलत धुवायचं आणि तिरका उभा करून वाळू द्यायचं. मग वाळूच्या ट्रेमध्ये दगड असा बसवायचा की घासलेलं तोंड अगदी समपातळीत येईल. त्यावर ॲसिटोन ओतायचं आणि सेल्युलोज ॲसिटेटची शीट धनुष्यासारखी वाकवून आधी मधला भाग टेकवायचा, मग दोन्ही बाजू सोडायच्या, म्हणजे हवा कडेने निघून जाते. तासाभरात, मोठा पृष्ठभाग असेल तर रात्रभरात, शीट वाळते. एका कोपऱ्यातून सावकाश ओढली की भित्तिकांसकट निघते. हवा तो भाग कापून कॅनडा बाल्सम या पारदर्शक डिंकात स्लाइडवर बसवायचा.

बिघाड ठरलेले असतात. पीलवर बुडबुडे आले तर ॲसिटोन कमी पडलं किंवा शीट टेकवायला उशीर झाला. चित्र फिकट आलं तर आम्लात वेळ कमी दिला. भित्तिका एकावर एक लोळलेल्या दिसल्या तर वेळ जास्त झाला किंवा धुताना धार लागली. पील सुरकुतली तर घाईत काढली. आणि पील स्वच्छ, पारदर्शक, पूर्ण कोरी आली, तर तुमची चूक काहीच नाही. त्या दगडात सेंद्रिय भित्तिका उरलेलीच नाही, आम्लाने सगळं सारखंच खाल्लं. असा दगड पीलसाठी नाही. त्याचे पातळ छेद करायचे. बरंचसं अश्मीभूत लाकूड या जातीचं असतं.

एक पील घेतली की ६०० नंबरवर मोजून तितकेच फेरे घासायचं, पुन्हा आम्ल, पुन्हा पील. फेरे मोजले की दोन पीलमधलं अंतर साधारण सारखं राहतं. दर दहा पीलमागे व्हर्नियरने दगडाची जाडी घ्यायची. हे अंतर माहीत असलं तर शंभर पीलमधून फळाचा तिन्ही बाजूंचा आकार पुन्हा रचता येतो. माहीत नसलं तर शंभर सुंदर चित्रं उरतात.

आता नावांचा गुंता, ज्यात माझ्या मते सर्वांत जास्त जंगलं बिघडली आहेत. झाड मेल्यावर एकसंध गाडलं जात नाही. पान वेगळं, फळ वेगळं, परागकण वेगळे, लाकूड वेगळं. ज्याला जे सापडलं त्याने त्याला स्वतंत्र नाव दिलं, आणि शास्त्राच्या नियमांना ते मान्य आहे. साहनींनी १९४३ साली मोहगाव कलानच्या एका फळाला एनिग्मोकार्पन परिजाई हे नाव दिलं. एनिग्मोकार्पन म्हणजे कोड्याचं फळ, आणि परिजाई हे ओडिशाचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्राणकृष्ण परिजा यांच्या सन्मानार्थ. पुढच्याच वर्षी शुक्लांनी तिथल्याच एका फुलाला साहनीआंथस म्हटलं, साहनींचं फूल. यादीत दोन नावं, म्हणजे दोन झाडं?

फुलातल्या बीजांडकोशाच्या कप्प्यांची मांडणी आणि फळातल्या कप्प्यांची मांडणी शेजारी ठेवून पाहिली, मधल्या वाढीची कोवळी फळं मिळाली, तेव्हा फूल आणि फळ एकाच झाडाचं असल्याचं मानलं गेलं. चितळेंनी या फळावर पुढे बरंच काम केलं. जोडणी करताना पुरावा कुठल्या दर्जाचा आहे ते प्रत्येक वेळी लिहून ठेवावं. सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे प्रत्यक्ष चिकटलेले अवयव: फांदीवर फूल, परागकोशात पराग. त्याखालोखाल सारखी सूक्ष्म रचना, म्हणजे दोन्ही अवयवांत त्याच घडणीचे केस, त्याच पेशी. सर्वांत कच्चा पुरावा म्हणजे दोन्ही नेहमी एकाच दगडात सापडतात हा. एकाच दगडात सापडणं ही तळ्याच्या काठाची करामत असू शकते. वारा आणि लाट हलकं ते सगळं एका कोपऱ्यात लोटते, हे कोणत्याही पाझर तलावावर बघायला मिळतं.

एनिग्मोकार्पन ज्या कुळात बसवलं गेलं ते लिथ्रेसी, मेंदीचं कुळ. महाराष्ट्राचं राज्यपुष्प ताम्हण याच कुळातलं. २०२० साली राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर झालेली पांढरी चिप्पी, सोनेरेशिया आल्बा, हीसुद्धा याच कुळात येते. पुण्याच्या टी. एस. महाबळे यांनी १९५० च्या दशकात सोनेरेशिया आणि तिच्या जीवाश्म भावंडांची तुलना केली होती. खाडीत चिप्पीचं फळ हातात आलं तर आडवं कापून बघा. कप्पे, मधला अक्ष आणि दाटीने भरलेल्या बिया बघितल्यावर मोहगावच्या दगडातलं ते वर्तुळ वाचायला सोपं जातं. जीवाश्म ओळखायला शिकायचं तर आधी आजची फळं कापायला शिकावं लागतं. याला पर्याय मला तरी माहीत नाही.

लाकडाचे तीन छेद लागतात: आडवा, केंद्राकडून बाहेर जाणारा उभा आणि त्याला काटकोनातला उभा. तिन्हींपैकी एक जरी नसला तरी ओळख अर्धीच. दगडाची चकती इपॉक्सीने काचेला चिकटवून ३० ते ५० मायक्रॉनपर्यंत घासतात. चिकटवताना राहिलेला हवेचा बुडबुडा शेवटच्या टप्प्यात नमुन्याचा तेवढा तुकडा उडवून नेतो. मग किमान २५ जलवाहिन्यांचा व्यास मोजायचा, एका चौरस मिलिमीटरमध्ये त्या किती ते मोजायचं. सरासरी व्यासाला या संख्येने भागलं की झाडाला पाण्याची किती मुबलकता होती याचा ढोबळ अंदाज मिळतो. १५० मायक्रॉनच्या ५ वाहिन्या असतील तर उत्तर ३०, म्हणजे ओलाव्यातलं झाड. ४० मायक्रॉनच्या १०० असतील तर ०.४, म्हणजे पाण्यासाठी ताण सोसणारं. लाकूडशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८९ साली रुंदपर्णी लाकडासाठी १६३ लक्षणांची यादी केली. ती समोर ठेवूनच नोंद करावी, नाहीतर प्रत्येक जण आपल्याला आवडणारी चार लक्षणं लिहितो.

आंतरट्रॅपी थरांत ताडकुळाची खोडं फार. ती नुसत्या डोळ्यांनीही कळतात. आडव्या छेदात वर्तुळं नसतात, सगळीकडे विखुरलेले ठिपके असतात, वाहिन्यांचे जुडगे. पामोक्सायलॉन हे त्यांचं सरसकट नाव. त्यात शेकडो जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यातल्या पुष्कळ एकाच झाडाच्या वेगवेगळ्या भागांच्या असाव्यात असं मला वाटतं. ताडाच्या खोडात कडेला जुडगे दाट असतात, मध्याकडे विरळ. बुंध्यात आणि शेंड्याजवळही फरक पडतो. त्यामुळे तुकडा खोडाच्या कुठल्या भागातला आहे हे लिहिल्याशिवाय नवी जात जाहीर करण्यात अर्थ नाही.

खोडाच्या व्यासावरून उंची काढायला कार्ल निक्लास यांचं १९९४ सालचं समीकरण वापरतात. उंची आणि व्यास दोन्ही मीटरमध्ये आणि लॉग दहाच्या पायाचा घेऊन, उंचीचा लॉग = १.५९ + ०.३९ × (व्यासाचा लॉग) − ०.१८ × (व्यासाच्या लॉगचा वर्ग). अर्धा मीटर व्यासाच्या बुंध्याला साधारण २८ ते २९ मीटर उंची येते, ३० सेंटिमीटरला सुमारे २२ मीटर. पण हे बुंध्याजवळच्या व्यासाचं गणित आहे. जीवाश्म ओंडका मधला असेल, साल गेलेली असेल, तर उत्तर कमी येतं. आणि ताडाला हे लावूच नये. ताड आमच्या आंब्या-सागासारखा वर्षागणिक जाड होत नाही, त्यामुळे व्यास आणि उंचीचं नातंच वेगळं. ताडांच्या थरात हे समीकरण लावून 'अमुक मीटर उंचीचं छत' सांगितलं की तो आकडा दिसायला शास्त्रीय असतो आणि असतो मात्र निरर्थक.

दुसरी खबरदारी ओंडक्यांच्या गर्दीबद्दल. तमिळनाडूत तिरुवक्करै इथे प्रचंड अश्मीभूत खोडं आहेत, पण ती आडवी पडलेली, फांद्या नाहीत, मुळं नाहीत, साल नाही. ती तिथे वाढलेली नाहीत, वाहून आली. तिथल्या खोडांची संख्या मोजून 'हेक्टरी इतकी झाडं' म्हणता येणार नाही. घनता काढायची तर मुळांसकट उभे बुंधे हवेत. घुघुआसारख्या ठिकाणीही प्रत्येक खोडाला हाच प्रश्न विचारावा: मूळ कुठे आहे, तोंड कुठल्या दिशेला, शेजारचं त्याच दिशेला आहे का? सगळी एकाच दिशेला पडली असतील तर पाण्याने रचली असण्याची शक्यता आधी तपासायची.

नवरगावच्या थरातून पुण्याच्या आघारकर संस्थेतले एस. डी. बोंडे यांनी २००० साली अळूच्या कुळातल्या एका वेलीचं खोड वर्णन केलं, ऱ्होडोस्पॅथोडेंड्रॉन. मला हा छोटा नमुना मोठमोठ्या ओंडक्यांपेक्षा जास्त सांगणारा वाटतो. चढणारी वेल आहे म्हणजे तिला चढायला काहीतरी आहे, खाली सावली आहे, दमट हवा आहे. जंगलाला मजले असल्याचा तो पुरावा. अशा नमुन्यांमुळे यादीला उभी रचना मिळते. द्राक्षाच्या कुळाचंही तसंच. डेक्कनच्या, म्हणजे याच लाव्हाप्रदेशाच्या, चर्टमधून २०१३ साली इंडोव्हायटिस चितळेई नावाच्या बिया-फळं जाहीर झाली. नाव चितळेंच्या सन्मानार्थ, आणि द्राक्षकुळाचा हा फार जुना पुरावा आहे. द्राक्षकुळातल्या बहुतेक जाती वेली आहेत, पण बियांवरून वेल होती असं ठामपणे म्हणता येत नाही. नवरगावचा पुरावा खोडाचा आहे, म्हणून तो वजनदार.

परागकणांनी चित्राची चौकट मोठी होते. पान साधारण झाडाच्या उंचीएवढ्या टप्प्यात पडतं, पराग कोसभर जातो. नमुना राखाडी किंवा काळ्या चिकणमातीचा घ्यायचा. लाव्हांच्या मधे दिसणारी लाल भाजकी माती दिसायला आकर्षक, पण तिच्यात पराग जळून, ऑक्सिडीकरण होऊन गेलेले असतात. दरडीचा वरचा फूटभर भाग खरवडून आतला ताजा भाग घ्यायचा, नाहीतर आजच्या गवताचे आणि बाभळीचे पराग क्रिटेशियसमध्ये, डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडात, जाऊन बसतात. हायड्रोक्लोरिकने चुना, हायड्रोफ्लुओरिकने सिलिका, मग १० मायक्रॉनच्या चाळणीवर धुणं. सुरुवातीलाच ठरावीक संख्येचे लायकोपोडियम या नेच्यासारख्या वनस्पतीचे बीजाणू टाकले तर घनता काढता येते. १० ग्रॅम मातीत १०,००० बीजाणू टाकले आणि मोजणीत ५० बीजाणूंबरोबर २५० जीवाश्म पराग आले, तर २५० ÷ ५० × १०,००० ÷ १० = ग्रॅममागे ५,००० पराग. नुसत्या टक्केवारीत ही गोष्ट दिसत नाही. नेच्यांचे बीजाणू २० वरून ६० टक्क्यांवर गेले म्हणजे नेचे वाढलेच असं नाही, बाकीची झाडं कमी झाली असतील. लाव्हाच्या लोटानंतर रान परत कसं आलं हे वाचताना हा फरक निर्णायक ठरतो. शिवाय वाऱ्यावर पराग सोडणारी झाडं मोजणीत फुगतात, कीटकांवर अवलंबून असलेली, म्हणजे उष्ण प्रदेशातल्या जंगलातली बहुसंख्य, जवळपास दिसतच नाहीत.

पानांच्या कडांवरून तापमान काढण्याची पद्धत आंतरट्रॅपी थरांत फारशी चालत नाही, कारण चांगली पानं थोडी. बिकानेरजवळच्या गुढा लिग्नाइट खाणीसारख्या पुढच्या काळातल्या ठिकाणी पानांवरून तापमान काढलं गेलं आहे. गणित सोपं: अखंड कडेच्या जातींचं प्रमाण × ३०.६ + १.१४ = सरासरी वार्षिक तापमान. २५ जातींत २० अखंड कडेच्या असतील तर २५.६ अंश. त्याच २५ मध्ये १७ असतील तर २१.९. तीन जाती चुकीच्या ओळखल्या की पावणेचार अंशांचा फरक. पाण्याकाठच्या झाडांत दातेरी पानं जास्त असतात, आणि जीवाश्म बहुतेक पाण्याकाठचेच, म्हणून ही पद्धत तापमान कमी दाखवण्याकडे झुकते. वीसहून कमी जाती असतील तर मी हे गणित करणारच नाही.

आता निपा. मोहगाव कलानहून साहनी आणि रोडे यांनी १९३७ साली निपाचं फळ नोंदवलं. निपा म्हणजे सुंदरबनात ज्याच्या पानांनी घरं शाकारतात तो गोलपाता, खाऱ्या-गोड्या पाण्याच्या सीमेवरचा ताड. २००२ साली बोंडे आणि कुमारन यांनी आंतरट्रॅपी थरांतून ॲक्रोस्टिकम हा कांदळवनातला नेचा जाहीर केला. म्हणजे छिंदवाड्यापर्यंत समुद्राचा फाटा आला होता? अनेकांनी तसं मांडलं. त्याच दगडांत ॲझोलासारखा गोड्या पाण्यावर तरंगणारा नेचा आहे, साहनींनी रोडेंच्या नावावरून ज्याला रोडेइटिस म्हटलं तो पाणनेचा आहे, गोड्या पाण्यातले शंख आहेत. निपाचं फळ तरंगत लांब जातं, म्हणून फळावर विसंबू नये. त्याच थरात निपाचे काटेरी, मधोमध पट्ट्यासारखी चीर असलेले पराग किती आहेत, खोड किंवा मुळं आहेत का, हे पाहायचं. आणि आजच्या निपाची सवय सहा कोटी वर्षं मागे तशीच लावायची का, हाही विचार करायचा. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, रियुनियन बेटाच्या तप्तबिंदूवर (जिथे खोलातला तप्त खडक वर येतो), सर्व बाजूंनी समुद्र. एका जातीवरून हवामान ठरवण्यापेक्षा पाच-सहा जातींच्या सवयी जिथे एकमेकांवर येतात तो पट्टा घ्यावा.

सगळ्यात मोठी चूक मात्र टेबलावर बसून होते. मोहगावची फळं, नवरगावची वेल, घुघुआची खोडं, माहुरझरीचं लाकूड एकत्र करून 'डेक्कनचं जंगल' रंगवलं जातं. ही ठिकाणं एकमेकांपासून शेकडो किलोमीटर लांब असू शकतात, आणि त्यांच्या मधल्या काळात लाव्हाचे लोट येऊन गेलेले असतात. डायनोसॉर ज्या सीमेवर संपले ती सीमासुद्धा याच ज्वालामुखीच्या काळात पडते, म्हणून एक थर सीमेच्या अलीकडचा आणि दुसरा पलीकडचा असू शकतो. वरच्या-खालच्या लाव्हांची चुंबकीय दिशा आणि थरातले पराग पाहून आधी काळ ठरवायचा. एका चित्रात एकाच ठिकाणचा एकच थर. मग कागदावर तळं काढायचं: पाण्यात ॲझोला आणि पाणनेचे, चिखलात हवेच्या पोकळ्यांची मुळं असलेली झाडं, काठावर एनिग्मोकार्पन, त्यामागे ताड. खोडाचा आणि मुळांचा पुरावा असेल ते गडद रंगात, फक्त फळ किंवा पराग असेल ते फिकट. टेकडीवर काय होतं याचा पुरावा तळ्यात फारसा येत नाही. ती जागा कोरी सोडावी. सुंदर दिसावं म्हणून तिथे झाडं भरू नयेत.

आणि दगड पूर्ण संपवू नये. प्रत्येक नमुन्याचा निदान एक अर्धा भाग न घासता, बाणासकट, क्रमांकासकट ठेवून द्यावा. २०१९ साली डेक्कनच्या ताडफळांवर, हायफिनिओकार्पनवर, पुन्हा काम झालं ते एक्स-रे सीटीने. फळ न कापता आतली बी आणि कवच पाहता आलं आणि ते ताड आणि रावणताडाच्या गोतातलं ठरलं. जिथे पोकळी किंवा घनतेत फरक असतो तिथेच सीटी चालतं, पण चालवायला दगड शिल्लक असावा लागतो. पीलचे क्रमांक दगडाच्या बाजूशी जोडून लिहा: ठिकाण, दगड, तुकडा अ किंवा ब, वरचं तोंड की खालचं, पील कितवी. स्लाइडवर शाईने, डब्यावर पेन्सिलीने, आणि वहीत तिसऱ्यांदा. शाई बाल्सममध्ये विरघळते, कागदी लेबल कसर खाते, पेन्सिल टिकते.